मास्तरांनी कोंबडी शिवली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान आहे. तिथल्या मास्तरांना पाठीमागे सगळे ‘अर्धा इंच’ म्हणतात. कोट असो की शाळेची चड्डी, माप घेऊन झालं की मास्तरांचं ठरलेलं वाक्य, “अर्धा इंच आत दाबून ठेवतो, पुढंमागं लागलं तर सोडता येईल.” माणूसही तसाच, ऐसपैस. पण दुकानामागच्या स्वयंपाकघरात त्यांची डाळ शिजत नसे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होत्या. मास्तरांनी एकदा गॅसवर रिकामंच पातेलं ठेवलं आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसले. तेव्हापासून त्यांना आत बंदी होती.

त्या काकू पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या, तेही नेमके लेक-जावई यायचे होते तेव्हा. लेक लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला येत होती. फोनवर तिचा एकच हट्ट होता : आईच्या हातची भाजलेली अख्खी कोंबडी.

“बाहेरून मागवू,” काकू तोंड पाडून म्हणाल्या.

“का? मी आहे ना.”

“तुम्ही?” प्लास्टरमधला हात दुखत होता तरी काकूंना हसू आवरेना.

मास्तर तरातरा खाटकाकडे गेले. खाटकानं सवयीनं सुरा उचलला. “किती तुकडे?”

“एकही नाही. आणि कातडीला हात लावू नकोस.”

“मास्तर, कोट शिवताय काय तिला?”

कोंबडी घरी आली. काकू दाराशी स्टूल टाकून बसल्या आणि तिथूनच कँटीनमधला आवाज लावला. “आधी पुसून घ्या. आतून, बाहेरून. ओली राहिली तर कातडी कुरकुरीत व्हायची नाही. अहो, तो टॉवेल नाही! तो तोंड पुसायचा!”

मास्तरांनी फडकं बदललं, पण आतून वरवरच फिरवलं. मग लोण्यात लसूण, मिरपूड आणि मीठ कालवलं. काकू म्हणाल्या, “आता छातीवरच्या कातडीखाली हळूच बोटं सरकवा. फाटता कामा नये.” इथे मात्र मास्तरांची कळी खुलली. अस्तर आणि कापड यांच्यामध्ये हात घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. लोणी कातडीखाली असं सारखं पसरलं की काकू स्टुलावरून अर्ध्या उठून बघू लागल्या.

“बरं जमतंय,” त्या पुटपुटल्या.

एवढं कौतुक पुरलं. मास्तर हवेत गेले. पावाचा चुरा, कांदा आणि लिंबाची साल पोटात ठासून भरली. काकू म्हणाल्या, पाय नुसते दोऱ्यानं बांधा. ते कसले ऐकतात! दुकानातून जाड सुई आणि सुती दोरा आणला, सुई उकळत्या पाण्यात बुडवली आणि पोट शिवायला घेतलं. टाके एका मापाचे, गाठ दिसेल तर शपथ. पंख पाठीखाली दुमडले, पाय जुळवून बांधले आणि दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून पाहिलं.

“आतली पिशवी कुठं ठेवलीत?” काकूंनी विचारलं.

“कसली पिशवी?”

“मान आणि कलेजी. खाटीक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटातच ठेवतो.”

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. आपण शिवलेलं उसवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. ते कोंबडीकडे बघत राहिले. काकू इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला प्लास्टरचाच हात वर गेला. मग मास्तरही हसत सुटले. टाके उसवले, चुरा उपसला आणि तळाशी दडपलेली पिशवी बाहेर काढली. दुसऱ्यांदा त्यांनी निमूट नुसते पाय बांधले.

ओव्हनमधून वास सुटला तोवर लेक-जावई दारात होते. कोंबडी सोनेरी झाली होती, एका बाजूला जरा काळवंडली होती इतकंच. बाबांनी केली म्हटल्यावर लेकीचा विश्वास बसेना. “आई, खरं सांग, शेजारच्या मावशींनी केली ना?”

कापायचं काम मास्तरांकडेच आलं. “तुला काय वाढू?” त्यांनी काकूंना विचारलं.

“मला पाठ द्या. मान असली तर मान.”

“आईला पाठच आवडते,” लेक म्हणाली.

मास्तरांची सुरी थांबली. इतक्या वर्षांत तंगडी आधी लेकीला, मग आपल्याला, छाती पाहुण्याला. पाठ आवडते की तेवढीच उरायची, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी अख्खी तंगडी काकूंच्या ताटात ठेवली. काकूंना डाव्या हातानं ती धरवेना, तेव्हा शेजारी बसून मांस सोडवून बारीक करून दिलं. जावई समोर, म्हणून काकू संकोचल्या. “अहो, काय हे!”

“खा गं गप.”

काकूंनी एक घास खाल्ला, मग दुसरा. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“मीठ बरोबर पडलंय,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, खाली बघत, “तंगडी चांगली लागते की.”

प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले. तरी दुकानाच्या सुट्टीला काकू स्वयंपाकघराकडे फिरकत नाहीत. पुढच्या दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत बसतात. आत काही धाडकन पडलं की ओरडतात, “काय फोडलंत?”

“काही नाही!”

काकू मान हलवतात, पण उठत नाहीत.