हसनचाचांची पडवी

दीड महिन्यापूर्वी हसनचाचांच्या मुलाचा, इम्तियाजचा फोन आला, "अब्बा गेले." मी पुण्यात ऑफिसात होतो. मला सगळ्यात आधी आठवलं ते त्यांच्या घरात शेवटच्या भेटीत मी बोललेलं वाक्य.

हसनचाचा कुवेतला ऑफिसातली यंत्रं दुरुस्त करायचे. कायमचे महाडजवळ बिरवाडीला परतले ते दोन कॉम्प्युटर घेऊन. आणखी दोन त्यांनी तिथल्या कारखान्यांच्या भंगारातून उचलून नीट केले. पडवीत कामगार भाड्याने राहायचे; त्यांना दुसरी खोली बघायला सांगून तिथे हे चार कॉम्प्युटर त्यांनी एका काळ्या वायरीने जोडले. कापडे गावाहून एसटीने येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच दहावी पास झालेल्या मला त्यांनी तिथे बसवलं. भातलावणीची सवय असलेली माझी बोटं कीबोर्डवर आपटायची. "अरे कापडेकर, चिखल नाय हाय तो. हळू दाब," ते म्हणायचे. वायरीचा एक जोड सैल झाला की सगळंच बंद पडायचं. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत एकेक जोड तपासायचो... पहिल्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं चौथ्यावर उमटलं की चाचा बराच वेळ नुसते बघत राहायचे. मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो, त्याची सुरुवात ही.

पुढे महाडात क्लास निघाले आणि मुलं यायची थांबली. चाचांना श्वासाचा त्रास सुरू झाला. तरी रोज सकाळी ते चारही कॉम्प्युटर चालू करून ठेवत. कोणी आलंच तर असावेत म्हणून. इम्तियाजला पडवी पुन्हा भाड्याने द्यायची होती, पण अब्बांना सांगणार कोण? त्याने मला बोलावलं.

"तू इंजिनीअर. या कॉम्प्युटरांचा काय उपयोग हाय का, सांग."

चाचा आत झोपलेत असं समजून मी म्हणालो, "नाय रे. सगळं भंगार हाय."

आतून खोकल्याचा आवाज आला. मग चाचांचा. "इम्तियाज, तो सांगतो तसं कर. त्याला कळतं."

मी आत गेलो. त्यांनी एसटीची वेळ विचारली, जेवून जा म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं... मी जेवलो आणि निघालो.

दफनाला मी पोचलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो. पडवीत आता तीन कामगार राहतात. त्यांच्या गाद्यांकडे बघत उभा होतो, तेव्हा इम्तियाज म्हणाला, "भंगारवाला टेम्पो घेऊन आला ना, तेव्हा अब्बा उठून बसले. दम खात खात एकेक कॉम्प्युटर फडक्याने पुसला. तो म्हणाला, चाचा, पुसता कशाला, फोडायचेच हायत. अब्बा थांबले नाय."