सात गोल आणि एक भोपळा

माझी शाळा चौथीत सुटली, पण फुटबॉल काही सुटला नाही. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या टीमकडून मी अकरा वर्षं फुलबॅक, म्हणजे बचावाला, खेळलो, त्यातली पहिली चार अनवाणी. दिवसभर फाउंड्रीत साचे भरायचे आणि संध्याकाळी मैदान गाठायचं. त्यामुळे लेकीकडे सिंगापूरला राहायला आल्यावर जावयांनी कौतुकानं टीव्हीवर परदेशातली मॅच लावून दिली, ती दहा मिनिटं बघून मी सांगितलं, "बॉल बरा मारतात. पण अंगावर घेत न्हाईत." जावई हसले. ते पुण्याचे. त्यांना फुटबॉलमधलं काय कळणार?

नात तेव्हा सतरा वर्षांची होती, ज्युनियर कॉलेजात. एक दिवस गुडघे मातीनं माखून क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आली आणि म्हणाली, "आजोबा, मी टीममध्ये सिलेक्ट झाले. गोलकीपर!"

"कशाची टीम? थ्रोबॉल?"

"फुटबॉल ला, आजोबा!"

इथली पोरं वाक्याच्या शेवटी हे 'ला' लावतात. नवीन होतो तेव्हा मी दर वेळी विचारायचो, "फुटबॉलला काय?" आता विचारत नाही.

पोरींचा फुटबॉल म्हटल्यावर मी हसलो होतो, खोटं कशाला सांगू. पहिली मॅच बघायला गेलो तोही गंमत म्हणूनच. पण समोरची पोरगी बॉल घेऊन सुसाट आली आणि आमची नात सरळ तिच्या पायांत झेपावली. मी उभाच राहिलो. त्या दिवसापासून एक मॅच चुकवली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रॅक्टिस असायची, तिलाही जायचो. छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन पायऱ्यांवर बसायचं. टीममधल्या चिनी, मलय, तमिळ, सगळ्या पोरी मला 'अंकल' म्हणायच्या. नातीनं एकच अट घातली होती, ओरडायचं नाही. ती मी पाळली. कशी पाळली ते माझं मलाच माहीत.

अशी ती टीम रडतखडत फायनलला पोचली. आणि फायनलला सात गोल खाल्ले. सात. आमचा एकही नाही.

पहिले चार मी दात आवळून बघितले. आमची लेफ्ट बॅक म्हणजे एक बारकी चिनी पोरगी, चष्मा डोक्यामागून इलॅस्टिकनं बांधलेला. पाचवा गोल तिनंच गडबडीत आपल्या जाळ्यात मारला. पुढच्याच मिनिटाला समोरची पोरगी परत तिच्या बाजूनं घुसली आणि ही बाजूला सरून उभी. माझा ताबा सुटला.

"अगं, ती काय पाव्हणी आलीया व्हय? वाट सोडून उभी ऱ्हायलीस!"

मराठी कुणाला कळलं नाही, पण आवाज सगळ्या मैदानाला कळला. गळ्यात कार्ड अडकवलेला एक माणूस धावत आला. "अंकल, प्लीज सिट." मी बसलो नाही. नातीनं गोलमधून मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि तेवढ्यात सहावा गोल झाला.

तो गोल माझ्यामुळे झाला असं तिचं म्हणणं. मी ते अजून मानत नाही. कीपरनं बॉलवरची नजर काढूच नये, मग आजोबा बोंबलो नाहीतर हत्ती.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. उतरल्यावर म्हणाली, "आजोबा, आता मॅचला यायचं नाही. प्रॅक्टिसला पण नाही. प्लीज."

"न्हाई येत जा. कुणाला हौस हाय?" मी म्हणालो.

हौस मलाच होती. लेक आणि जावई सकाळी ऑफिसला जात, नात कॉलेजला. मंगळवार आणि शुक्रवार काढून घेतले तर माझ्या आठवड्यात उरत काय होतं? पण "चुकलो" म्हणायची सवय आमच्या घराण्यात कुणाला नाही. मला तर नाहीच.

मग मला भोपळा आठवला.

एकही गोल न करता हरलं की भोपळा मिळाला म्हणतात, हे आपल्याकडं पोरासोरांना ठाऊक असतं. आमच्या पेठेत तो खराखुरा द्यायचे. टीम शून्यावर हरून आली की तालमीतली म्हातारी मंडळी पोरांच्या पुढ्यात भला मोठा भोपळा ठेवायची आणि पुढची मॅच जिंकेपर्यंत तो दारात टांगून ठेवायची. माझ्या वाट्याला दोनदा आला. येताजाता डोक्याला लागायचा. माणूस असा चिडायचा की पुढच्या मॅचला जीव तोडून खेळायचा. टीम सुधारायचा हाच एक इलाज मला माहीत आहे.

मंगळवारी सकाळी बाजारात जाऊन सगळ्यांत थोराड भोपळा निवडला आणि चाकाच्या पिशवीत घातला. लेक त्या दिवशी घरून काम करत होती.

"बाबा, एवढा मोठा? घारगे करायचेत का?"

"पोरींस्नी द्यायचाय. सात गोल खाल्ले त्याचा."

तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, हे कोल्हापूर नाही. आणि तुम्हाला येऊ नका म्हणालीय ना ती?"

"प्रॅक्टिस बघायला येऊ नको म्हणाली. मी भोपळा द्यायला चाललोय."

संध्याकाळी मैदानावर पोचलो तर पोरी रिंगण करून बसल्या होत्या, तोंडं पडलेली. त्यांचा मलय कोच पाठीमागं हात बांधून उभा. मला बघून नातीचा चेहरा कडक झाला. मी थेट मधे गेलो, भोपळा गवतावर ठेवला आणि तिला म्हणालो, "मी बोलतो ते यांस्नी इंग्रजीत सांग. आमच्या गावात शून्यावर हरणाऱ्याला ह्यो देत्यात. दारात टांगा. बघून लाज वाटू दे."

ती पोरींकडं वळून इंग्रजीत काहीतरी बोलली. माझ्या बोलण्यापेक्षा ते बरंच लांब वाटलं.

आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या!

कॅप्टन उठली, तिनं भोपळा दोन्ही हातांनी उचलला, माझ्यापुढं वाकली आणि म्हणाली, "थँक यू, अंकल! सो लकी!" मग फोटो झाला. मधे भोपळा, एका बाजूला कोच आणि दुसऱ्या बाजूला मी. फोटोत मी एकटाच रागावलेला आहे.

नातीला दंडाला धरून कडेला घेतलं. "काय सांगितलंस त्यांस्नी?"

"तुमच्या गावात जी टीम हरते पण शेवटपर्यंत सोडत नाही, तिला मोठी माणसं भोपळा देतात. मान म्हणून."

"खोटं! माझ्या गावाच्या नावानं खोटं?"

"मग तुम्ही सांगा जाऊन खरं," ती म्हणाली. "इंग्लिशमध्ये. गो ला!"

मला कुणी असं म्हटलं की मी जातोच. गेलो. मनात शब्द जुळवत होतो, 'नो गुड, सेव्हन गोल, शेम'. तेवढे मला येत होते. पण जवळ गेलो तर ती बारकी लेफ्ट बॅक भोपळा मांडीवर घेऊन बसलेली. रडून डोळे सुजलेले, चष्मा कपाळावर, आणि दोन्ही हातांनी भोपळ्यावर थापा मारत खिदळत होती. नात माझ्यामागून आली आणि हळूच म्हणाली, "ती आज टीम सोडणार होती, आजोबा. तुमच्या ओरडण्यामुळे नाही. ओन गोलमुळे."

आता सांगा, त्या पोरीला मी शेम म्हणू? खोटं मी बोललो नव्हतो, नात बोलली होती. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला किती जड जातं हे घरच्यांना विचारा. तरी राहिलो.

कोच जवळ आला. "अंकल, यू प्लेड बिफोर?"

"फुलबॅक," मी म्हणालो. "इलेव्हन इयर."

त्यानं बॉल माझ्याकडं सरकवला. मी चपला काढल्या आणि त्या बारकीला खुणेनं समोर बोलावलं. बॉल घेऊन तिच्याकडं निघालो की ती बॉलकडं बघायची आणि मी ह्या पायाचा झोक दाखवून त्या बाजूनं निसटायचो. या वयात! तीनदा असं झालं. मग मी बॉल थांबवला आणि माझ्या कमरेवर हात आपटला. "हितं बघ. बॉल फसवतो, कंबर फसवत न्हाई." नातीनं ते इंग्रजीत सांगितलं. या वेळी खरं तेच सांगितलं असणार, कारण पोरीनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्या कमरेवर नजर रोखली.

चौथ्यांदा मी झोक दाखवला, ती फसली नाही. आडवी आली, पाय घातला, बॉल घेऊन गेली आणि मी धपकन गवतावर बसलो. सगळ्या पोरी "अंकल!" म्हणून किंचाळत धावल्या.

"आसं!" मी खालूनच ओरडलो. "आसंच पायजे! परत ये!"

नातीनं हात देऊन मला उठवलं, पाठीवरचं गवत झाडलं.

"ओरडलात," ती म्हणाली.

"मॅच हाय का ही?"

तिनं जरा विचार केला. "प्रॅक्टिसला चालेल. पण आत उभं राहून, पायऱ्यांवरनं नाही. शुक्रवारी पाच वाजता, आणि बूट घालून या."

शुक्रवारी मी साडेचारलाच गेलो. बूट जावयांचे होते, एक नंबर मोठे.