पट्टी खराब, आणि चोर ठरल्या प्रतिमाताई

दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी गावच्या पाणी वापर संस्थेत गेलो आणि डोकं असं फिरलं की अजून जागेवर आलेलं नाही... म्हणून लिहितोय.

मी गोंदियात राहतो, घरूनच काम करतो. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, कर्नल, त्यात माझा कोपरा एवढाच... मेमरीची पट्टी बिघडली तर कर्नलने ते नीट सांगायचं. बायकोच्या मते जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. असेल.

गाव तिरोडा तालुक्यात. तलावाचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत कोणत्या दिवशी जाणार, ही यादी संस्थेच्या कॉम्प्युटरवर प्रतिमाताई करतात. तो कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातून निघालेला जुना सर्व्हर. मीच आणून दिला, मीच सिस्टिम टाकली आणि वर्षभर मीच मिरवलो.

तर त्या मंगळवारी ताई बाहेर पायरीवर बसलेल्या, आणि आत कमिटी. अर्धी यादी गायब होती... तीही धान निसवायच्या वेळी, जेव्हा पाणी चुकलं की लोंबी पोचट राहते. झालं होतं असं, की आधी ताईंनी यादी पूर्ण केली, तेवढ्यात मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी, म्हणून त्या सचिवांना सांगून गेल्या की मशीन बंद पडलं होतं, यादी एकदा बघून घ्या. सचिवांनी न वाचताच प्रिंट काढून भिंतीवर चिकटवली.

पण बोट कुणाकडे? ताईंकडे! अध्यक्षकाका सरळ म्हणाले, "त्याईच्या मोहल्ल्याची नावं बरी राहिली, आमचीच काऊन उडाली?"

काऊन? कारण आपल्याकडे पाळी नहराच्या शेपटीकडून लावतात, काका. शेवटच्या बांध्या आधी. आणि शेपटीला बौद्ध मोहल्ल्याच्याच बांध्या आहेत, त्या तिथे का आहेत हे गावाने स्वतःला विचारावं. ताईंनी नियमाप्रमाणे तिथून सुरुवात केली, म्हणून ती नावं आधी सेव्ह झाली. एवढं साधं गणित एकाही शहाण्याला सुचलं नाही. फळ्यावरचं 'ऑपरेटर' पुढचं नाव मात्र पुसूनही झालं होतं.

मी तिथेच मशीनसमोर बसलो. मेमरी टेस्ट लावली... तासाभरात निकाल. दुसऱ्या स्लॉटमधली पट्टी खलास. मेमरीत मोठी चूक झाली की मशीन स्वतःला बंद करून परत सुरू होतं आणि डिस्कवर न उतरलेलं सगळं जातं. ताई अक्षरशः खरं बोलत होत्या.

मग राग वळला कर्नलवर. पट्टी एका दिवसात मरत नाही, आधी बरेच दिवस कुरकुरते. सर्व्हरच्या मेमरीत छोट्या चुका जागच्या जागी दुरुस्त होतात आणि कर्नल तशी नोंद करतो. त्या नोंदींचा लॉग उघडला... एक ओळ नाही. मनातल्या मनात शिव्या देत मशीन सुरू होतानाचे ऑप्शन बघितले.

तिथे एक ऑप्शन होता. दुरुस्त झालेल्या मेमरी चुका सांगू नकोस, असा.

तो मीच टाकला होता.

मागच्या वर्षी ताईंचा फोन आला होता. "भाऊ, स्क्रीनवर इंग्रजीत कायतरी येऊन राहिलं, घडीघडी." मी गोंदियातून मशीनमध्ये डोकावलो. आमच्या धंद्यात अशा ओळींना कचरा समजतात... चूक दुरुस्त झाली ना, मग कशाला ओरडायचं? त्यात कोणती पट्टी ते नाव नव्हतंच, नुसता हातभर आकडा. काही नाही ताई, लक्ष देऊ नका, म्हटलं आणि मशीनचं तोंडच बंद करून टाकलं.

पट्टी सांगत होती, ताई सांगत होत्या... आणि पगार घेऊन हेच ऐकायचं काम करणारा मी!

आत गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे. अध्यक्षकाका हसले. "जाऊ दे ना बा, चूक तं होतेच मानसाकडून."

बघा... मी माफी मागायच्या आत मला मिळाली. आणि जिची चूकच नव्हती तिला यांनी पायरीवर बसवलं होतं. मी आवाज चढवला, नको ते बोललो, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. ताईंचं काम परत मिळालं. "चुकलं आमचं" मात्र आजवर कुणी म्हटलेलं नाही.

घरी येऊन कर्नलमध्ये बदल लिहिला. चुकीची ओळ आता स्लॉटच्या नावासकट येईल, आणि कुणी सूचना बंद केल्या असतील तर मशीन सुरू होताना दर वेळी तेही सांगेल. कर्नल सांभाळणाऱ्यांकडून दोनदा परत आला, तिसऱ्यांदा घेतला गेला.

आमच्यात एक रीत आहे. बिघाड ज्याने पहिल्यांदा कळवला, त्याचं नाव बदलाच्या खाली 'रिपोर्टेड बाय' म्हणून लिहायचं. ताईंना विचारून त्यांचं नाव लिहिलं होतं, ते काल मोबाईलवर नेऊन दाखवलं.

त्यांनी ते नाव बोटांनी मोठं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे कोणाले पुसता येते का, भाऊ?"

नाही येत, ताई, त्याच्या प्रती जगभर गेल्यात. आणि त्याच्याच वर, सूचना बंद करणारा मीच होतो हे मी लिहिलंय... तेही आता पुसता येणार नाही.