भांडी घासताना बसलेली चाल

गल्लीत त्यांना सगळे जिंगलमास्तर म्हणत. रेडिओवर दोन गाण्यांच्या मध्ये कुलपाची, गादीची, चपलेची जी दोन ओळींची गाणी वाजत, त्यांतली निम्मी मास्तरांच्या डोक्यातून निघालेली. लोकांना बातम्या आठवत नसत, पण मास्तरांचं कुलूप आठवे. 'दाराला लावा, खुशाल जा, आल्यावर घर तसंच पाहा!' एका दंतवैद्याने तर दाढ काढताना हेच गुणगुणलं होतं. पेशंट उठून जाणार होता म्हणे.

मास्तरांची काम करायची एक रीत होती. संध्याकाळी नवी चाल छोट्या कीबोर्डवर वाजवायची, आत बायकोला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. मग गप्प बसायचं. चालीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सकाळी बायको भांडी घासायला उभी राहिली की मास्तर वर्तमानपत्र उघडून स्वयंपाकघराच्या दाराशी बसत आणि कान टवकारत. नळाच्या धारेत, ताटल्यांच्या खणखणाटात ती चाल तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडली, तर पास. नाही पडली, तर केराची टोपली.

बायकोला गाता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे अगदीच येत नव्हतं. पण आवड मोठी दांडगी. आणि मास्तर पेपर खाली घेऊन आपल्याकडे बघतात हे तिने कधीच हेरलं होतं. ती पाठमोरीच राही, पण कढई जरा जास्त वेळ घासे.

घोटाळा केला तो कौतुकाने. फिनेलचा कारखाना असलेले एक शेठ नव्या जाहिरातीसाठी घरी आले. म्हणाले, "मास्तर, तुमचं कुलूप काही डोक्यातून जात नाही. गुपित काय ते सांगा की."

स्तुती ऐकली की मास्तरांची जीभ सैल सुटे. "गुपित आत चहा गाळतंय!" ते म्हणाले. "आमच्या हिला सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही. हिला जमलं म्हणजे अख्ख्या जगाला जमलं. फुकटची परीक्षा, शेठ!"

शेठ खो खो हसले. तेवढ्यात बायको ट्रे घेऊन दारात उभी. पाहुण्यांसमोर तीही हसली, कप ठेवले, साखर कमी वाटली तर सांगा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ वाहिला, ताटल्या वाजल्या, आणि बाकी काही नाही. मास्तरांनी फिनेलची चाल आदल्या संध्याकाळी चांगली चारदा वाजवली होती. 'एकच झाकण, बादलीभर पाणी, फरशीत दिसते घरची राणी!' घरची राणी मात्र तोंडाला कुलूप लावून कढई घासत होती. त्यानंतरही तेच. जेवायला वाढणं, औषधाची आठवण, सगळं वेळच्या वेळी. गुणगुणणं तेवढं बंद.

"अगं, बरं वाटत नाही का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मला काय झालंय?" तिने हात पुसले. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "मला आपलं वाटायचं, तुम्हाला ऐकायला आवडतं."

मास्तरांनी हातातल्या पेपरची उगाचच घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

शेठ थांबणार नव्हते. परीक्षेशिवायच रेकॉर्डिंग झालं. गायिका तयारीची मुलगी, 'राणी'वर अशी झोकात वर गेली की वाजवणारेही खूश. शेठनी ऐकलं, मान डोलावली, जिना उतरले, आणि पुन्हा वर आले. ओशाळून म्हणाले, "मास्तर, ते झाकणाच्या पुढे कसं होतं हो? खालपर्यंत पोचेतो विसरलो. मालकच विसरला तर गिऱ्हाइकाने काय करायचं?"

मास्तर घरी आले ते पाय ओढत. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. "पडली का चाल?"

"पडली."

"म्हणा बघू."

"राहू दे गं. त्यासाठी नाही आलो मी."

"म्हणा म्हणते ना!"

त्यांनी म्हटली. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "अहो, राणी एवढी उंच कशाला चढवलीत? तिथवर जायचं कोणी, शिडी लावून? अशी म्हणा." आणि 'राणी'ला तिने खाली आणून, लांबवून, भलतीकडेच नेऊन बसवलं. सूर साफ चुकला होता. आणि चाल बसली होती.

मास्तर बघतच राहिले. असंच तर दरवेळी व्हायचं! ती चुकायची, आणि ते मुकाट्याने तिची चूक उतरवून घ्यायचे. वर स्वतःची पाठ थोपटायचे, की आपण चाल घासूनपुसून नीट केली. त्यांना मनापासून लाज वाटली.

"कुलपाची चालही तुझीच," ते म्हणाले. "माझी निराळी होती."

"आता मस्का लावू नका."

"ऐक तर." त्यांनी कुलपाची आपली मूळ चाल म्हणून दाखवली, सगळ्या वळणांसकट. बायको तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "अगंबाई! हे कोणाच्या तोंडात बसणार? कुलूप उघडेपर्यंत चोर पळून जाईल की!"

पुन्हा रेकॉर्डिंग ठरलं तेव्हा मास्तर तिला सोबत घेऊन गेले. गायिका अवघडून म्हणाली, "सर, पण काकूंचा सूर जरा..."

"काकू म्हणतात तसंच म्हण," मास्तर म्हणाले. "चाल त्यांची आहे. मी नुसता लिहून घेणारा."

बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. ती आणखी ताठ झाली. शेठ या वेळी जिना उतरले ते परत आले नाहीत. खालच्या रस्त्यावरून मात्र त्यांचा आवाज वर येत राहिला. घरची राऽऽणी.

दुसऱ्या सकाळी मास्तर स्वयंपाकघराच्या दाराशी बसले, पेपर न घेता. नळ सुरू झाला. बऱ्याच वेळाने, ताटल्यांच्या आवाजाआडून, ती काहीतरी गुणगुणू लागली. ना कुलूप, ना फिनेल. कशाचंच नाही, तिचं तिलाच सुचलेलं. मध्येच ती थांबली.

"टिपून घेतलंत?" पाठमोरीच तिने विचारलं.

"नाही." मास्तरांनी दोन्ही रिकामे हात वर केले. "नुसता ऐकतोय."

तिने मान वळवून हात नीट तपासले. मग कढई ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, आधीपेक्षा मोठ्याने आणि आधीइतकीच बेसूर.