कुलूपवाल्याच्या सिनेमाचं पहिलं रीळ

मला अजून राग आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. ज्यांचा निवतो त्यांना तो मुळात धड आलेलाच नसावा. आमच्या गल्लीच्या टोकाचं थिएटर बंद होऊन जमाना झाला, तिथं आता सोफे विकतात, पण समोरून जाताना माझे दात आपोआप आवळतात. हा राग माझ्यासाठी नाही. मी नाटकातली बाई, मला टाळ्या पोटभर मिळाल्या. हा राग बॅटरीबाईसाठी आहे.

बॅटरीबाई त्या थिएटरची डोअरकीपर. तिकीट फाडायचं, अंधारात पायांपुढं बॅटरीचा झोत टाकायचा आणि माणसाला खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. अंगानं बुटकी, चष्मा जाड, आणि आवाज असा की आमच्या कंपनीतल्या राजानं उसना मागावा. पहिल्या भेटीतच तिनं मला झापलं होतं. मी तालमीहून धावतपळत पोचले, सिनेमा सुरू झालेला.

"तुम्ही नाटकवाल्या ना? पडदा उघडल्यावर कुणी खुर्च्या वाजवत आत आलं तर तुमच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि इथं? इथं पडद्यावरच्यांना दिसत नाही म्हणून चालतं होय?"

मी खाली मान घालून तिच्या झोतामागून गेले. सिनेमा सुटल्यावर तिला चहा पाजला. तेव्हापासून आमचं जमलं. ती मला नटीबाई म्हणायची, आणि लवकरच 'तुम्ही'चं 'तू' झालं.

तिचा जीव होता तो पडेल सिनेमांवर. ज्यांची पोस्टरं अर्धी फाटलेली असतात, जे दुपारच्या रिकाम्या खेळाला लागतात आणि तीन दिवसांत डब्यात परत जातात, ते. गर्दीचा सिनेमा सुटला की ती दारात उभी राहून लोकांना अडवायची. "हा बघितलात ना? झालं. आता उद्या दुपारी या. तराजू दुरुस्त करणाऱ्याचा आहे. शेवटी तो स्वतःचाच तराजू मोडतो. या नक्की."

लोक चिडायचे. मीही चिडले. "अगं बये, शेवट सांगून टाकलास! आता कोण येईल?"

"मग काय सांगू? सुरुवात मला येत नाही."

तेव्हा मला ते कळलं. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांसाठी तिनं दाराबाहेर उभं राहायचं, असा नियम. त्यांची रीघ संपेपर्यंत पडद्यावर पहिलं रीळ संपलेलं असायचं. मग ती आत येऊन दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर टेकायची. गर्दीचा सिनेमा असो की रिकामा, एकाही सिनेमाची सुरुवात तिनं पाहिलेली नव्हती! आयुष्य थिएटरात गेलं आणि एकही गोष्ट पहिल्यापासून नाही. एकदा तिनं मॅनेजरला विचारलं होतं. तो म्हणाला, "डोअरकीपरनं सिनेमा नाही, दार बघायचं असतं." हे वाक्य ती मला सांगायची तेव्हा तिच्या मुठी वळायच्या.

दोन बहिणींचा एक सिनेमा तिनं मला बघायला लावला. एका स्वयंपाकघरात दोन चुली, आणि पूर्ण सिनेमाभर अबोला. शेवटी धाकटी मुकाट्यानं थोरलीच्या भांड्यात मीठ घालते. मी ढसाढसा रडले. पण तिचा सर्वांत लाडका सिनेमा कुलूपवाल्याचा. तो लागला तेव्हा मी दौऱ्यावर होते. म्हातारा कुलूपवाला गावभर लोकांची कुलुपं उघडून देतो. शेवटी एका घराच्या पायरीवर बसतो. किल्ली हातात आहे, कुलूप समोर आहे, आणि तो उघडत नाही.

"का उघडत नाही?" मी विचारलं.

"ते पहिल्या रिळात आहे ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की चहावाल्यानं वळून बघितलं. "ज्यांनी ज्यांनी तो बघितला त्या सगळ्यांना विचारलं. मेले सगळे उशिरा आलेले!"

पुढं मालकानं थिएटर विकलं. निरोपाचा म्हणून एक शेवटचा दुपारचा खेळ ठरला. मॅनेजरनं बाईला विचारलं, "तुम्हाला काय देऊ? घड्याळ? फुलदाणी?"

"कुलूपवाल्याचा सिनेमा आणा. आणि मला पहिल्यापासून बसू द्या."

मॅनेजरनं सगळ्यांसमोर शब्द दिला. दार कोण सांभाळणार, हा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, "मी. राण्या केल्यात, दासी केल्यात, डोअरकीपर तेवढी राहिली."

त्या दिवशी बाई इस्त्रीचे कपडे घालून आली. बॅटरी माझ्या हातात देताना म्हणाली, "झोत पायांवर टाकायचा. तोंडावर नाही. तुला सवय उलटी आहे." आणि मधल्या रांगेत जाऊन ताठ बसली, परीक्षेला बसल्यासारखी.

मालक पाहुण्यांना घेऊन आला तो उशिरा. मग भाषणं. मालक बोलला, मालकाचे व्याही बोलले, आणि मॅनेजर तर थांबेचना. थिएटर म्हणजे कुटुंब, डोअरकीपर म्हणजे आई, असलं काय काय. आई मधल्या रांगेत घड्याळाकडे बघत होती.

शेवटी दिवे गेले. पडद्यावर कुलूपवाला एका बादलीत गंजलेल्या किल्ल्या टाकत होता.

"हा बादलीचा सीन!" अंधारातून तिचा आवाज आला. "इथं तर मी आत येते!"

मी दारातून आत धावले. बाई उभी होती. मॅनेजर वाकून कुजबुजत होता, "बसा हो बाई. भाषणं लांबली, साहेबांना पुढं जायचंय. पहिलं रीळ गाळायला मीच सांगितलं. तसंही त्यात काही घडत नाही."

"तुम्ही बघितलंय?"

"नाही, पण सगळे म्हणतात…"

"सगळे उशिरा येतात!"

पुढच्या रांगेतून मालक वळला. "बाई, उद्यापासून हे थिएटर नाही. आता शेवटी कशाला वाद?"

"उद्यापासून नाही म्हणूनच आज!"

व्याही हसले. ते हसले आणि माझं डोकं फिरलं. जन्मभर दुसऱ्यांना जागा दाखवणारी बाई एकदा स्वतःच्या जागेवर बसली होती, आणि तेवढंही यांना बघवत नव्हतं. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. तो सगळा मी वापरला. "दिवे लावा! पहिल्यापासून!"

मशीनरूमच्या खिडकीतून ऑपरेटरनं डोकं काढलं. "रीळ चढवायला वेळ लागेल, बाई."

"लागू दे," बॅटरीबाई म्हणाली. "मला थांबायची सवय आहे."

मालक उठला, मागून पाहुणे उठले. मॅनेजर त्यांना गाडीपर्यंत पोचवायला धावला. तेवढ्यात मी दार लावून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. तो परत आला, लालबुंद. मशीनरूमचा जिना हॉलच्या आतून होता, आणि त्याला वर जाऊन मशीन बंद करायचं होतं.

"बाजूला व्हा."

"खेळ सुरू झालाय. तिकीट?"

"अहो, मी मॅनेजर आहे!"

"असाल. तिकीट दाखवा."

त्यानं मला थेरडी म्हटलं, नाटकी म्हटलं. मी त्याला काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही, पण ते मी अगदी स्पष्ट उच्चारात म्हटलं. दाराआडून मला सिनेमातले हातोडीचे ठोके ऐकू येत होते. मग एका बाईचं हसणं, मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग बॅटरीबाईचा आवाज, एकच शब्द: "अरे!"

मॅनेजर दमून पायरीवर बसला. मी आत गेले तेव्हा कुलूपवाला बादलीत किल्ल्या टाकत होता.

सिनेमा संपला, दिवे लागले, तरी बाई उठली नाही. डोळे सुजलेले, आणि चेहरा असा की कुणाशी तरी भांडून आली आहे. मी शेजारी बसले.

"का उघडत नाही गं तो कुलूप?"

तिनं माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली. "इतकी वर्षं लोकांना शेवट सांगत फिरले. आलं कुणी? हे नाही सांगणार. हे बघायचं."

"अगं मेले, मी तुझ्यासाठी दारात उभी होते!"

"मग आता कळलं ना," ती म्हणाली, "दाराबाहेर काय वाटतं ते?"

पुढं मी नाना परीनं विचारलं. चहा पाजला, रुसले, दवाखान्यात तिच्या उशाशी बसूनसुद्धा विचारलं. ती नुसती मान हलवायची. तशीच न सांगता गेली. आणि तो सिनेमा परत कुठं लागल्याचं मी ऐकलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. कुठं एखाद्या रिकाम्या दुपारी लागलाच, तर कुलूपवाल्याचा सिनेमा बघा. शेवटी तो पायरीवर बसतो आणि कुलूप उघडत नाही. पण वेळेवर जा. सुरुवात मला येत नाही.