टाईल फुटेल म्हणून

गुरम्मा बाथरूममध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं, तेव्हा गल्लीतली झाडून सगळी माणसं तिला भेटायला आली. येताना कुणी बिस्किटांचे पुडे आणले, कुणी शहाळं आणलं, आणि प्रत्येकानं न चुकता एकच प्रश्न विचारला: सांभाळून चालायचं नाही का? जणू बाई हौसेनंच आडवी झाली होती! ती पडली ती जागा एकदा डोकावून बघावी, असं मात्र एकालाही वाटलं नाही.

डोकावले असते तर कळलं असतं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा घराघरांत एकच धांदल उडते. गुरम्माच्या घरी दारातल्या नळाला लावलेला पाइप थेट बाथरूममधल्या ड्रमात सोडायचे. पाण्याच्या जोरानं पाइप उसळून बाहेर येतो, म्हणून तो धरून कुणाला तरी उभं राहावं लागतं. बाकीचे घागरी-कळश्या घेऊन पळत असतात, तेव्हा हे काम घरात ‘रिकामी’ असलेल्या म्हातारीचं. ड्रम असा अवाढव्य, की पाय टेकायला वीतभर जागा उरायची. ड्रम भरून वाहायला लागला की सगळं पाणी पायाखाली, आणि पायाखाली गुळगुळीत पांढरी टाईल.

पूर्वी तिथं शहाबादी फरशी होती. काळी, खरबरीत, पण ओली झाली तरी पाय घट्ट धरून ठेवणारी. गुरम्माच्या मुलाला, बसवराजला, तिची लाज वाटायला लागली. सात रस्ता चौकात त्याचं मोबाइलचं दुकान, घरी चार मोठी माणसं येणार, त्यांनी काळी फरशी बघायची? मग खालपासून वरपर्यंत सगळं चकचकीत झालं. भिंतीवर निळ्या कमळांची नक्षी आली. पाहुणे हात धुवायला आत जायचे आणि कमळांचं कौतुक करत बाहेर यायचे. गुरम्मा मात्र त्या चकचकाटावर पायाची बोटं रोवत, जीव मुठीत धरून चालायची.

ही बाई उमेदीची सारी वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरत उभी राहिलेली. नवरा लवकर गेला. बसवराजला तिनं याच पायांवर वाढवलं. आता त्याच पायांना घरीदारी नावं ठेवत होते, आणि मनगटाच्या दुखण्यापेक्षा तिला याचाच जास्त संताप येत होता. कुणालाही येईल.

प्लास्टर निघाल्यावर तिनं मुलाकडे फार काही मागितलं नाही. भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा बसव आणि तो ड्रम अंगणात ने, एवढंच. बसवराजच्या कपाळाला आठ्या पडल्या. ड्रिल मारलं की टाईल तडकणार, आणि ही नक्षी आता बाजारात मिळत नाही. ड्रम अंगणात ठेवला तर घराची शोभा जाणार. त्याच्याकडे दुसराच तोडगा तयार होता. संध्याकाळी तो एक खुर्ची घेऊन आला, बसायच्या जागी भोक आणि खाली भांडं असलेली. ती आईच्या खाटेशेजारी ठेवली आणि जाहीर केलं, की अव्वानं, म्हणजे आईनं, आता बाथरूमला जायचंच नाही. सगळं इथंच, भांडं उत्कर्षा उचलेल. उत्कर्षा म्हणजे त्याची बायको. तिलाही त्यानं विचारलं नव्हतं.

काय म्हणावं या शहाणपणाला! भिंतीवरची टाईल शाबूत राहावी म्हणून चालत्याफिरत्या आईला खाटेवर बसवायचं, आणि वर गल्लीभर सांगत फिरायचं की आईला जागेवरून हलू देत नाही.

गुरम्मा त्या खुर्चीवर बसली नाही. तिनं पाणी पिणंच कमी केलं. ओठ सुकले, लघवीला जळजळ व्हायला लागली, तरी बसली नाही. उशाचा तांब्या सकाळी भरला तसा दुपारीही भरलेलाच दिसला, तेव्हा उत्कर्षानं जवळ बसून कारण विचारलं.

"मला पाय हाईत की अजून," गुरम्मा म्हणाली. "तू माझं भांडं उचलायचं, आन् भिंतीवरची कमळं तेवढी जपायची, व्हय?"

उत्कर्षा तशीच उठली. बसवराज दुकानात होता. तिनं फोन करून गल्लीतल्या हुसेनसाब प्लंबरला बोलावून घेतलं. हुसेनसाबनं भिंतीवर टिचक्या मारून बघितल्या आणि आधीच सांगून ठेवलं, की टाईल फुटू शकते, मालक बोलतील. मालकीण इथंच बसलीय, तू ड्रिल मार, असं गुरम्मानं त्याला दारात बसून सुनावलं.

दांडा पक्का बसला. टाईल तडकली, तीही एका कमळाच्या अगदी मधोमध. ड्रममधलं पाणी तळाला गेलं होतं. उरलेलं पाणी बादलीत काढून उत्कर्षानं तो एकटीनं ओढत अंगणात नेला, आणि बाथरूममध्ये खरखरीत रबरी मॅट अंथरली.

संध्याकाळी बसवराज आला. अंगणातला ड्रम बघितला आणि चपला न काढता तडक बाथरूमपाशी गेला. मोबाइलचा टॉर्च लावला. भिंतीला नाक टेकेल इतकं वाकून त्यानं ती चीर बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं, खालच्या टाईलपर्यंत तर गेली नाही ना, हे तपासलं. गुरम्मा त्याच्या मागं येऊन उभी राहिली होती.

"बसवा," ती म्हणाली, "माझं मनगट मोडलं तवा एवढं वाकून बघितलं न्हवतंस की रं."

बसवराजचं बोट भिंतीवरच राहिलं. त्याला मागं वळून बघवेना.

"हो बाजूला," गुरम्मा म्हणाली. "मला आत जायचंय."