वहीतले आठ तास

मी एकतीस वर्षं शाळेत ड्रिल मास्तर होतो. माझी शिट्टी वाजली की पळतं पोरगं जागच्या जागी थांबायचं. निवृत्त झालो आणि झोपेनं माझं ऐकणं सोडलं. रात्रीतून जेमतेम तीन तास. शेवटी आमची ही वैतागली आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी 'ताई ची' या चिनी व्यायामाचा वर्ग निघाला, तिथे तिने माझं नाव घातलं. सावकाश हात फिरवायचे, सावकाश पाऊल टाकायचं, श्वास खोल घ्यायचा, म्हणजे झोप लागते म्हणे. असं रेंगाळणाऱ्या पोराला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकाला एक वही दिली. रोज किती तास झोपलो ते लिहायचं आणि शनिवारी सगळ्यांसमोर वाचायचं. पहिल्याच शनिवारी मी 'सात' वाचलं. का, तेही सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. जन्मभर दुसऱ्यांना मार्क देणारा मी, चौदा जणांत 'तीन' म्हणून नापास कसा होणार? पुढे साडेसात झाले, मग आठ. टाळ्या पडल्या. खोटं बोल पण रेटून बोल, असं म्हणणाऱ्या पोरांना मी एके काळी उन्हात उभं केलं होतं.

वर्गात माझ्या शेजारी एक पाववाली असायची. चौतीस वर्षं, सगळे साखरझोपेत असताना उठून तिने मैदा मळला. नवरा गेला, भट्टी सुनेने हातात घेतली, पण उठायची सवय काही सुटेना. मळताना एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेणं तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की मॅडम म्हणायच्या, "यांच्या पायांकडे बघा." मी बघायचो आणि चरफडायचो. माझं अंग 'सावधान'मधून बाहेरच येईना. पण शनिवारी ती हळूच वाचायची, "दोन." महिन्याभराने "अडीच." तिसऱ्या महिन्यात "सव्वातीन." आणि तिच्यामागून मी छाती काढून, "आठ."

एकदा तिने मला थांबवून विचारलं, "सर, तुम्ही घरी वेगळं काय करता?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मी अक्कल शिकवली. "शिस्त लागते, बाई. तुमचं मन थाऱ्यावर नाही." तिने निमूटपणे मान डोलावली.

मग ती यायची बंद झाली. मॅडम म्हणाल्या, "त्यांना वाटतं, आपल्याला काही जमत नाही, सरांसारखं आपलं नशीब नाही. आता झोपेची गोळी घेतात आणि दुपारपर्यंत झोकांड्या खातात." घरी येऊन मी हे हिला सांगितलं. हिने माझी वही चाळली, आठ, आठ, आठ, आणि एवढंच म्हणाली, "मग पहाटेपासून पेपरवाल्याची वाट बघत कोण बसतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पाववालीच्या घरी गेलो. भिंतीला धरून ती दारापर्यंत आली.

"बाई, मी तीनच तास झोपतो. वहीतलं सगळं खोटं आहे."

"आणि ते शिस्तीचं?"

"तेही."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मी दोनवरून सव्वातीनवर आले होते, सर. केवढं होतं ते. तुमच्या आठापुढे मला त्याचं काहीच वाटलं नाही." तिने आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "हे वर्गात सांगाल? मग मीही परत येईन."

"सांगेन," मी म्हणालो. "याच शनिवारी."

त्याला चार शनिवार झाले. एकदा माझी पाठ दुखली, एकदा पाहुणे आले, पुढच्या दोन वेळा कारणही सुचलं नाही, नुसताच गेलो नाही. काल मॅडमचा फोन आला. पाववाली त्या पहिल्या शनिवारपासूनच परत येते आहे. पण वह्या वाचायची वेळ झाली की ती मॅडमना थांबवते. म्हणते, "सर येऊ देत, मग वाचू." चार आठवडे कुणाचीच वही वाचली गेलेली नाही.